नव्या लॅपटॉपच्या लॉगमध्ये तीच ती हार्डवेअर एरर : दोष कुठला हे शोधायची पद्धत

नवा लॅपटॉप मध्येच अडकतो, किंवा स्लीपमधून उठताना नुसताच काळा स्क्रीन दाखवतो, म्हणून कुणीतरी सांगतं, ‘इव्हेंट व्ह्यूअर उघडून बघ.’ उघडलं की पिवळ्या-लाल खुणांची रांग दिसते आणि त्यात एकच ओळ पुन्हा पुन्हा : ‘अ करेक्टेड हार्डवेअर एरर हॅज ऑकर्ड’. साठ-सत्तर हजार मोजून घेतलेल्या मशीनवर ‘हार्डवेअर एरर’ हे शब्द वाचले की पोटात गोळा येणारच. मग काही जण त्याच रात्री विंडोज रीसेट करून टाकतात, काही जण ‘चालतंय ना, राहू दे’ म्हणून विषय सोडून देतात. दोन्हींत नुकसान आपलंच आहे. रीसेट केलं की पुरावा पुसला जातो, आणि राहू दिलं की मशीन बदलून मिळायची मुदत निघून जाते.

हा लेख लॉग, म्हणजे विंडोज स्वतः लिहितं ती नोंदवही, पहिल्यांदाच उघडणाऱ्यांसाठी आहे. मशीनवर विंडोज ११ आहे असं धरलं आहे. लिनक्सवाल्यांसाठी पुढे थोडं वेगळं लिहिलं आहे. कोडिंग यायची गरज नाही. एक मोकळी संध्याकाळ, त्यापुढे काही दिवस थोडं लक्ष आणि एक वही एवढं पुरतं. एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करून घ्या : एकट्या नोंदीवरून काहीही ठरत नाही. नोंद कुठल्या भागाची, ती कधी पडते, तेव्हा मशीनवर काय चाललेलं असतं आणि चूक मशीनने स्वतः सुधारली की नाही, या चार गोष्टी कळल्या की मगच ती नोंद काही सांगायला लागते.

आधी बिल, मग लॉग

लॅपटॉप गोखले रोडवरच्या किंवा वाशीच्या सेक्टर १७ मधल्या दुकानातून घेतलेला असो, नाहीतर ऑनलाइन मागवलेला असो, सगळ्यात आधी जीएसटी बिल काढा आणि त्यावरची तारीख बघा. विक्रेता सदोष वस्तू किती दिवसांत बदलून देतो ते बिलाच्या मागे किंवा ऑर्डरच्या पानावर लिहिलेलं असतं. ही मुदत वॉरंटीपेक्षा फार लहान असते, बहुधा मोजक्या दिवसांचीच. या मुदतीत दोष दाखवता आला तर नवं मशीन मिळायची आशा असते. ती गेली की दुरुस्तीच पदरात पडते, म्हणजे महिन्याभरापूर्वी घेतलेल्या मशीनचा मदरबोर्ड बदलून घ्यायचा. म्हणून पुढची सगळी तपासणी या तारखेकडे डोळा ठेवून करा.

लॅपटॉपच्या तळाशी असलेला सीरियल नंबर बिलावरच्या नंबराशी जुळतो का तेही पाहून घ्या. दोन्हींचा फोटो काढून ठेवा. कामाच्या फायली बाहेरच्या ड्राइव्हवर किंवा क्लाउडवर टाका.

आता लॉग जपायचा. स्टार्टच्या बटणावर राइट क्लिक करून ‘इव्हेंट व्ह्यूअर’ उघडा. डावीकडे ‘विंडोज लॉग्ज’ आणि त्याखाली ‘सिस्टिम’. त्यावर राइट क्लिक करून ‘सेव्ह ऑल इव्हेंट्स अ‍ॅज’ निवडा, फाइलला तारखेचं नाव द्या आणि ती पेनड्राइव्हवर ठेवा. ही घाई अशासाठी, की सिस्टिम लॉगची कमाल मर्यादा मुळात २० एमबीच्या आसपास ठेवलेली असते आणि ती भरली की विंडोज जुन्या नोंदींवरच नव्या लिहायला लागतं. एखाद्या मशीनवर एका तासात शेकडो नोंदी पडत असतील, तर दोष पहिल्यांदा कधी दिसला हेच काही दिवसांत पुसलं जातं. ‘सिस्टिम’वर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’मध्ये ही मर्यादा वाढवताही येते, १०० एमबी करून ठेवली तरी मशीनला काही फरक पडत नाही.

गोंगाट बाजूला काढा

अगदी धडधाकट लॅपटॉपच्या लॉगमध्येही पिवळ्या-लाल खुणा असतात, हे नवख्यांना माहीत नसतं. ‘डिस्ट्रिब्यूटेडकॉम’, आयडी १००१६ ही त्यातली सर्वांत मोठी घाबरवणारी नोंद. ती हार्डवेअरची नाहीच, आणि मायक्रोसॉफ्टनेच ती दुर्लक्ष करण्याजोगी असल्याचं सांगितलं आहे. एखादी सेवा सुरू व्हायला उशीर झाला, अपडेट एकदा फसून दुसऱ्यांदा बसलं, अशाही नोंदी असतात. त्या वाचत बसू नका.

उजवीकडे ‘फिल्टर करंट लॉग’वर क्लिक करा आणि ‘इव्हेंट सोर्सेस’मध्ये ‘व्हीया-लॉगर’ (WHEA-Logger) निवडा. या नावाची आद्याक्षरं ‘विंडोज हार्डवेअर एरर आर्किटेक्चर’ची आहेत : प्रोसेसर, मेमरी आणि पीसीआय एक्स्प्रेस (लॅपटॉपच्या आतल्या भागांची जोडणी) यांच्याकडून येणाऱ्या चुका विंडोजमध्ये याच वाटेने नोंदल्या जातात. त्याच यादीत ‘डिस्क’, ‘स्टॉर-एनव्हीएमई’ (stornvme), ‘कर्नल-पॉवर’ आणि ‘डिस्प्ले’ यांवरही खूण करा. ओके दाबलं की हजारो नोंदींतून कामाच्या तेवढ्याच उरतात. ही चाळणी ‘कस्टम व्ह्यू’ म्हणून जतन केलीत तर रोज पुन्हा लावावी लागत नाही.

काहीच उरलं नाही, तर तुमच्या मशीनचं दुखणं बहुधा ड्रायव्हरचं (एखादा भाग विंडोजकडून चालवून घेणाऱ्या छोट्या प्रोग्रामचं) किंवा एखाद्या प्रोग्रामचं आहे. तेव्हा स्टार्टमध्ये ‘रिलायबिलिटी’ टाइप करून ‘व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी’ उघडा. तिथे दिवसवार तक्ता दिसतो. कोणत्या दिवशी काय कोसळलं आणि त्याच दिवशी कुठलं अपडेट बसलं होतं, हे एकाखाली एक वाचता येतं. माझ्या मते नवख्यांसाठी विंडोजमधलं हे सगळ्यात उपयोगी पान आहे, आणि सगळ्यात कमी लोकांना माहीत असलेलंही.

एक नोंद नीट वाचा

नोंदीवर डबल क्लिक केलं की खिडकी उघडते. तिच्यातला आयडी आणि ‘कंपोनंट’ हे दोन शब्द आधी शोधा.

आयडी १७ म्हणजे पीसीआय एक्स्प्रेसवरची सुधारलेली चूक. नव्या लॅपटॉपवर वारंवार दिसणारी नोंद बहुतेक वेळा हीच असते. आयडी १९ म्हणजे प्रोसेसरने स्वतःची सुधारलेली चूक. आयडी ४७ मेमरीतल्या सुधारलेल्या चुकीची. साध्या लॅपटॉपवर ती क्वचितच दिसते, कारण त्यांच्या मेमरीत चूक ओळखून कळवणारी ईसीसीची सोय बहुधा नसते. आयडी १८ मात्र वेगळा : इथे चूक सुधारता आलेली नाही. मशीन आपोआप रीस्टार्ट झालेलं असतं आणि पुन्हा चालू झाल्यावर ही नोंद लिहिली जाते. तिच्यात ‘प्रोसेसर कोअर’ आणि ‘कॅश हायरार्की एरर’ किंवा ‘बस/इंटरकनेक्ट एरर’ असे शब्द असतात. निळ्या स्क्रीनवर ‘व्हीया अनकरेक्टेबल एरर’ दिसते तीही याच जातीची.

माझं मत स्पष्ट आहे. कोऱ्या मशीनवर, सेटिंगमध्ये काहीही फेरफार केलेले नसताना, आयडी १८ एकदा जरी पडला तरी घरी दुरुस्तीच्या भानगडीत पडू नका. नोंद जतन करा आणि बदलून मागा. आयडी १७ आणि १९ साठी मात्र घाई करायची नाही.

‘सुधारलेली’ म्हणजे काय, हे समजलं की अर्धी भीती जाते. पीसीआय एक्स्प्रेस ही लॅपटॉपच्या आतली जोडणी. एसएसडी (फायली साठवणारी ड्राइव्ह), वाय-फाय कार्ड, ग्राफिक्स चिप हे सगळे तिच्यावरून बोलतात. डेटाच्या प्रत्येक पुडक्यासोबत तपासणीचा एक आकडा जातो. पलीकडच्या टोकाला तो जुळला नाही की तेच पुडकं पुन्हा मागवलं जातं. ट्रान्स-हार्बर लोकलच्या गर्दीत फोनवर बोलताना ‘ऐकू आलं नाही, परत सांग’ म्हणतो, तसंच हे. निरोप शेवटी बरोबरच पोचतो, तुमची फाइल बिघडत नाही. असं कधीमधी व्हावं हे गृहीत धरूनच ही रचना केलेली आहे. मात्र दर मिनिटाला ‘परत सांग’ म्हणावं लागत असेल, तर वाटेत काहीतरी बिनसलं आहे, आणि नव्या मशीनवर ते का बिनसलं हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

‘इंटेल’ दिसलं म्हणून प्रोसेसर खराब ठरवू नका

आयडी १७ च्या नोंदीत खाली काही आकडे असतात : बस, डिव्हाइस, फंक्शन, आणि व्हेंडर आयडी. इथे हमखास गफलत होते. व्हेंडर आयडी ८०८६ म्हणजे इंटेल. तो वाचून लोक म्हणतात, प्रोसेसरच गेला. पण नोंदीत कंपोनंट म्हणून ‘पीसीआय एक्स्प्रेस रूट पोर्ट’ लिहिलेलं असेल, तर ती तक्रार दाराची आहे. दाराच्या पलीकडे कोण उभा आहे ते अजून शोधायचं आहे.

घणसोलीत राहणाऱ्या एका इंजिनिअरिंगच्या विद्यार्थिनीचा लॅपटॉप पाहताना हे अगदी स्वच्छ दिसलं, म्हणून तो तपास इथे सविस्तर देतो. नोंदीत लिहिलं होतं : बस ०, डिव्हाइस ०एक्स१सी, फंक्शन ०, व्हेंडर ८०८६. ‘०एक्स’ने सुरू होणारा आकडा सोळाच्या पद्धतीतला असतो. विंडोजच्या कॅल्क्युलेटरमध्ये ‘प्रोग्रामर’ निवडून ‘हेक्स’मध्ये १सी टाकलं की ‘डेक’समोर २८ दिसतात. हे रूपांतर करावंच लागतं, कारण पुढे डिव्हाइस मॅनेजर (मशीनमधल्या सगळ्या भागांची विंडोजमधली यादी) हाच पत्ता दशमानात दाखवतो. तिथे ‘१सी’ शोधत बसलात तर सापडणार नाही.

डिव्हाइस मॅनेजर उघडून वरच्या ‘व्ह्यू’ मेनूतून ‘डिव्हाइसेस बाय कनेक्शन’ निवडलं. आता यादी प्रकारवार न राहता कोण कुणाला जोडलेलं आहे अशी झाडासारखी दिसते. पीसीआय एक्स्प्रेस रूट कॉम्प्लेक्सची फांदी उघडून एकेका रूट पोर्टच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘लोकेशन’ पाहिलं. ‘पीसीआय बस ०, डिव्हाइस २८, फंक्शन ०’ असं ज्याच्यापुढे होतं, त्याच्याखाली एकच वस्तू टांगलेली होती : वाय-फाय कार्ड. प्रोसेसरचा काही संबंध नव्हता. ग्राफिक्सचाही नाही, ज्याबद्दल ती चार दिवस काळजीत होती.

तुमच्या मशीनवर व्हेंडर आयडी वेगळा असू शकतो. नोंदीत कंपोनंट ‘एंडपॉइंट’ असेल तर तो आकडा थेट त्या वस्तूच्या कंपनीचा असतो : १०डीई म्हणजे एनव्हिडिया, १००२ आणि १०२२ एएमडीचे, १०ईसी रिअलटेकचा, १४४डी सॅमसंगचा. आकडा ओळखीचा नसला तरी डिव्हाइस मॅनेजरमधल्या वस्तूच्या ‘डिटेल्स’ टॅबवर ‘हार्डवेअर आयडीज’ निवडा. ‘व्हेन’च्या पुढे तोच आकडा असलेली वस्तू शोधा.

वही घ्या आणि वेळा जुळवा

आता तीन-चार दिवस फक्त निरीक्षण. काहीही बदलायचं नाही. नोंद पडली की वहीत पाच गोष्टी लिहा : वेळ, चार्जर लावलेला होता की बॅटरीवर, बाहेरून काय जोडलेलं होतं, काय काम चाललं होतं, आणि मशीन नुकतंच स्लीपमधून उठलं होतं का.

शेवटचा प्रश्न लॉगच सोडवून देतो. ‘पॉवर-ट्रबलशूटर’ची आयडी १ ही नोंद मशीन जागं झाल्याची असते. नव्या लॅपटॉपमध्ये ‘मॉडर्न स्टँडबाय’ ही झोपेची नवी पद्धत असेल तर कर्नल-पॉवरच्या ५०६ आणि ५०७ या नोंदी झोपणं आणि उठणं दाखवतात. तुमच्या चुका या नोंदींच्या लगेच मागे येत असतील, तर संशय वीज वाचवण्याच्या व्यवस्थेवर जातो. मोठी फाइल कॉपी करतानाच येत असतील तर एसएसडीवर, गेम किंवा व्हिडिओ रेंडरिंगच्या वेळीच येत असतील तर ग्राफिक्सवर आणि तापण्यावर.

वर सांगितलेल्या लॅपटॉपवर बॅटरीवर असताना नोंदींचा पाऊस पडायचा आणि चार्जर लावला की तो थांबायचा. वहीचं एक पान भरल्यावर हे नजरेत आलं. नुसता लॉग वाचून ते कळलं नसतं, कारण चार्जर लावला होता की नाही हे त्या नोंदीत लिहिलेलंच नसतं.

बाहेरच्या वस्तू सोडवा

सगळ्यात सोपी चाचणी आधी. डॉक, यूएसबी हब, एचडीएमआयचा जोड, बाहेरचा ड्राइव्ह, सगळं काढा आणि एक दिवस नुसता लॅपटॉप वापरा. थंडरबोल्टचा डॉक आतल्या पीसीआय एक्स्प्रेसलाच जोडला जातो, त्यामुळे एखादी हलकी केबलही ‘हार्डवेअर एरर’ म्हणून लॉगमध्ये झळकू शकते.

चार्जर मूळचाच वापरा. कर्नल-प्रोसेसर-पॉवरची आयडी ३७ ही नोंद सांगते की फर्मवेअरने (मशीनमध्येच बसवलेल्या मूळ प्रोग्रामने) प्रोसेसरचा वेग मर्यादित ठेवला आहे. कमी वॉटचा टाइप-सी चार्जर किंवा उष्णता ही त्याची नेहमीची कारणं. मे महिन्यात वरच्या मजल्यावरच्या घरात, गादीवर ठेवलेल्या लॅपटॉपवर ती दिसली तर मशीन सदोष ठरत नाही.

जुन्या इमारतींत आणखी एक गोष्ट बघा. तीन पिनांच्या प्लगला दोन पिनांचा जोड लावून चार्जिंग चालू असेल किंवा सॉकेटला अर्थिंगच नसेल, तर धातूच्या बॉडीला हात लावल्यावर झिणझिण्या येतात आणि टचपॅड वेडंवाकडं धावतं. हे लॅपटॉपचं दुखणं नाही. अर्थिंग असलेल्या सॉकेटवर तपासा आणि घरच्या सॉकेटला वायरमन दाखवा.

पावसाळ्यात ऐरोली-महापेच्या थंडगार ऑफिसमधून निघून दमट हवेत आलेलं मशीन घरी पोचल्यावर लगेच चालू करू नका. गार धातूवर ओल धरते. थोडा वेळ तसंच राहू द्या.

एका वेळी एकच बदल

आता सेटिंगला हात लावायला हरकत नाही. पण नियम कडक : एक बदल करायचा, वहीत लिहायचा, किमान एक पूर्ण दिवस तसाच वापर करायचा, लॉग बघायचा, मग पुढचा बदल. एकाच संध्याकाळी ड्रायव्हर, बायोस (विंडोजच्याही आधी चालू होणारा मशीनचा मूळ प्रोग्राम) आणि पॉवर सेटिंग असं सगळं बदललं आणि नोंदी थांबल्या, तर कशाने थांबल्या हे कधीच कळत नाही. आणि त्या परत आल्या तर सुरुवात शून्यापासून.

पहिला बदल ड्रायव्हरचा. लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या सपोर्ट पानावर सीरियल नंबर टाका आणि चिपसेटचा आणि संशयित वस्तूचा ड्रायव्हर तिथूनच घ्या. ‘सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये अपडेट’ करून देणारे प्रोग्राम टाकू नका. ते तपास बिघडवतात. नोंदी एखाद्या विंडोज अपडेटनंतरच सुरू झाल्या असतील, तर डिव्हाइस मॅनेजरमधलं ‘रोल बॅक ड्रायव्हर’ आधी वापरून पाहा.

दुसरा बदल ‘लिंक स्टेट पॉवर मॅनेजमेंट’चा. काम नसताना पीसीआय एक्स्प्रेसची जोडणी वीज वाचवायला डुलकी घेते, आणि काही कार्डांना त्या डुलकीतून वेळेवर उठणं जमत नाही. कंट्रोल पॅनलमधल्या ‘पॉवर ऑप्शन्स’मध्ये, चालू प्लॅनच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ सेटिंगखाली ‘पीसीआय एक्स्प्रेस’ आहे. तिथे बॅटरी आणि चार्जर दोन्हींसाठी ‘ऑफ’ करा. मॉडर्न स्टँडबायच्या बऱ्याच लॅपटॉपवर हा पर्याय दिसत नाही. तेव्हा डिव्हाइस मॅनेजरमधल्या त्या वस्तूच्या ‘पॉवर मॅनेजमेंट’ टॅबवर, वीज वाचवण्यासाठी ती बंद करायची परवानगी काढून पाहा. नोंदी थांबल्या तर कारण सापडलं असं समजा, पण इलाज झाला असं समजू नका. ही सेटिंग ‘ऑफ’ ठेवली की बॅटरी लवकर उतरते. दाम पूर्ण मोजलेल्या ग्राहकाने कायमचं हे सोसावं असं मला वाटत नाही.

तिसरा बदल बायोसचा, आणि इथे खरी काळजी घ्यायची आहे. आधी बिटलॉकरची, म्हणजे ड्राइव्हला कुलूप लावणाऱ्या विंडोजच्या सोयीची, रिकव्हरी की हाताशी आहे का बघा. विंडोज ११ च्या अनेक लॅपटॉपवर ड्राइव्ह एन्क्रिप्ट होऊनच येते, मालकाला पत्ताही नसतो. बायोस बदलल्यावर मशीन ४८ अंकी की मागू शकतं, आणि ती नसेल तर ड्राइव्हवरच्या फायली कायमच्या हातच्या जातात. तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये जाऊन ती की शोधा, कागदावर उतरवून घ्या आणि अपडेटपुरतं बिटलॉकर ‘सस्पेंड’ करा. बॅटरी भरपूर चार्ज असू द्या, चार्जर लावलेला असू द्या, आणि महावितरणने देखभालीसाठी वीज बंद ठेवणार असल्याचा मेसेज पाठवला असेल त्या दिवशी हे काम करूच नका. बायोस लिहिला जात असताना स्क्रीन काही वेळ काळा राहतो. पॉवरचं बटण दाबू नका.

घणसोलीच्या लॅपटॉपवर ड्रायव्हरने फरक पडला नाही. लिंक स्टेट ‘ऑफ’ केल्यावर नोंदी बंद झाल्या. मग ती सेटिंग पूर्ववत केली, नोंदी परत आल्याची खात्री करून घेतली, आणि कंपनीने दिलेला नवा बायोस टाकला. त्यानंतर सेटिंग मूळचीच असूनही लॉग शांत राहिला. सेटिंग परत जागेवर आणण्याची ती पायरी कंटाळवाणी वाटते, पण दोष बायोसने गेला हे तिच्यामुळेच ठामपणे सांगता आलं.

मेमरी आणि एसएसडी

निळा स्क्रीन वेगवेगळ्या कारणांनी येत असेल, प्रोग्राम मनाला येईल तेव्हा बंद पडत असतील, तर मेमरी तपासा. ‘विंडोज मेमरी डायग्नोस्टिक’ स्टार्टमध्येच सापडतं. ते चटकन होतं, पण सूक्ष्म दोष त्यातून निसटू शकतो. पेनड्राइव्हवरून चालणारं मेमटेस्ट८६ रात्रभर लावून ठेवणं जास्त भरवशाचं. त्याची मोफत आवृत्ती ४ फेऱ्या करते. एकही चूक दाखवली तरी मेमरी सदोष धरा. पातळ लॅपटॉपमध्ये मेमरी बोर्डावरच डाग दिलेली असते, म्हणजे बोर्डच बदलावा लागतो. बदलून मिळायची मुदत अजून संपली नसेल तर ती वापरायची वेळ हीच.

एसएसडीसाठी क्रिस्टलडिस्कइन्फो हा मोफत प्रोग्राम पुरतो. त्यात ‘मीडिया अँड डेटा इंटिग्रिटी एरर्स’ ही ओळ महत्त्वाची. ती नव्या ड्राइव्हवर शून्यच हवी. तिच्याजवळ ‘नंबर ऑफ एरर इन्फॉर्मेशन लॉग एंट्रीज’ नावाची ओळ असते, आणि तिच्यातला मोठा आकडा पाहून लोक हादरतात. काही ड्राइव्ह त्यांना न कळणारी आज्ञा आली तरी हा आकडा वाढवतात, त्यामुळे एकट्या त्यावरून काही ठरवू नका. हे आकडे जसेच्या तसे नाही तर सोळाच्या पद्धतीत दिसले, तर कॅल्क्युलेटर आहेच.

लॉगमध्ये ‘डिस्क’ची आयडी ७ म्हणजे खराब ब्लॉक, १५३ म्हणजे वाचन किंवा लेखन पुन्हा करावं लागलं, आणि ‘स्टॉर-एनव्हीएमई’ची १२९ म्हणजे ड्राइव्हने उत्तर न दिल्याने तिला रीसेट करावं लागलं. आयडी ७ आतल्या ड्राइव्हची असेल तर तपास बाजूला ठेवून आधी बॅकअप घ्या. पण कुठल्या डिस्कचा नंबर आहे ते पाहा. बऱ्याचदा ती जुन्या पेनड्राइव्हची नोंद निघते.

‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद एवढंच सांगते की मशीन नीट बंद न होता पुन्हा चालू झालं. तिच्या ‘डिटेल्स’मध्ये ‘बगचेककोड’ बघा. तो शून्य असेल तर निळा स्क्रीन आलाच नव्हता : वीज तुटली, मशीन गोठलं किंवा कुणीतरी बटण दाबून धरलं. तो २९२ असेल तर गंभीर. हा आकडा दशमानात असतो आणि सोळाच्या पद्धतीत तो १२४ होतो, म्हणजे तीच ‘व्हीया अनकरेक्टेबल एरर’.

लिनक्स वापरत असाल तर

टर्मिनलमध्ये कर्नलचा लॉग ‘जर्नलसीटीएल’ (journalctl) किंवा ‘डीमेसेज’ने (dmesg) बघता येतो. तिथे ‘एईआर’ (AER) आणि ‘करेक्टेड’ (Corrected) हे शब्द शोधा. त्यापुढे बस-डिव्हाइसचा पत्ता असतो आणि ‘एलएसपीसीआय’ (lspci) त्या पत्त्यावर कोण आहे ते सांगतं. या आज्ञा टाइप करताना इंग्रजी लहान अक्षरांतच द्यायच्या. बूटच्या ओळीत ‘नोएईआर’ टाकून नोंदी बंद करण्याचा सल्ला जागोजागी मिळतो. त्याने फक्त नोंद थांबते, चूक होतच राहते. वॉरंटी चालू असताना तो वापरू नका. पीसीआय एक्स्प्रेसची वीजबचत बंद करून पाहणं मात्र वर सांगितल्याप्रमाणे योग्य चाचणी आहे.

सर्व्हिस सेंटरला जाताना

काउंटरवर ‘लॅपटॉप हँग होतो’ एवढंच सांगितलंत तर उत्तर ठरलेलं असतं : ‘विंडोज नवीन टाकून देतो, संध्याकाळी घेऊन जा.’ त्याऐवजी अर्ध्या पानाचं टिपण न्या. समजा घणसोलीच्या लॅपटॉपवर बायोसनेही दोष गेला नसता, तर असं : ‘दादा, व्हीया-लॉगर, आयडी १७, रूट पोर्ट, बस ०, डिव्हाइस २८. त्या पोर्टवर वाय-फाय कार्ड आहे. बॅटरीवर असताना सतत, चार्जरवर नाही. तुमच्या साइटवरचा ड्रायव्हर आणि बायोस टाकून झाला, फरक नाही. बाहेरचं काहीही जोडलेलं नव्हतं. लॉगची फाइल पेनड्राइव्हवर आहे.’ समोरचा माणूस तंत्रज्ञ असेल तर त्याचाही वेळ वाचतो, आणि विंडोज टाकण्याचा मुद्दा आपोआप मागे पडतो.

जॉबशीटवर, म्हणजे मशीन जमा करताना मिळणाऱ्या कागदावर, तुमचेच शब्द लिहून घ्या : आयडी, कंपोनंट, कधी होतं. ‘कस्टमर सेज स्लो’ असं लिहिलेल्या कागदावर सही करू नका. मशीनचे ओरखडे, सोबत दिलेला चार्जर, तारीख हे सगळं त्यावर हवं. तेच सगळं त्याच दिवशी ईमेलनेही पाठवा. मशीन परत आल्यावर कुठला भाग बदलला ते लेखी मागा आणि घरी आल्याबरोबर तीच चाळणी लावून पुन्हा काही दिवस लॉग बघा. दुरुस्तीनंतर तीच नोंद परत येणं हा तुमच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा असतो.

तरीही दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. तिथे तक्रार नोंदवायला पैसे पडत नाहीत आणि पुष्कळ प्रकरणं तिथेच मिटतात. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार तुम्ही राहता किंवा नोकरी करता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, विक्रेता दिल्लीचा असला तरी. ठाणे शहर, ऐरोली, वाशी, बेलापूर हे ठाणे जिल्ह्यात येतात; खारघर, कामोठे, पनवेल रायगडमध्ये, म्हणजे त्यांचा आयोग अलिबागला. वस्तूसाठी मोजलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. तक्रार ऑनलाइनही भरता येते आणि वकील लावण्याची सक्ती नाही. दोष उघड झाल्यापासून २ वर्षांच्या आत ती करावी लागते, आणि सोबत जोडायला बिल, जॉबशीट, ईमेल, लॉगची फाइल आणि वहीच्या पानांचे फोटो लागतात.